विज्ञानाचे छोटे उतारे आणि वाचन-आकलनाचा सराव: गोव्यातील पालक-शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

तिसरी ते सातवीच्या मुलांकडून उताऱ्यांचा सराव करून घेताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही घरात किंवा वर्गात जे हाताशी असतं, तेवढ्यावर हा सराव होऊ शकतो. वेगळं साहित्य विकत आणायची गरज नाही.

मुलगा घडाघडा वाचतो, पण काय वाचलंस म्हणून विचारलं तर गप्प बसतो. असं का होतं?

कारण आपण त्याला बहुतेक वेळा समजल्याशिवाय उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारत आलो आहोत. हे वाक्य घ्या: ‘तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर येतात.’ प्रश्न आला, ‘श्वसनमुळे कुठून वर येतात?’ मुलाने लिहिलं, ‘चिखलातून.’ पूर्ण गुण मिळाले. आता तिवर म्हणजे काय, हेच त्याला माहीत नसेल तरी हे उत्तर बरोबर येतं. भरतीच्या पाण्यात बुडणाऱ्या त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून झाडाला हवेसाठी मुळं वर काढावी लागतात, ही खरी गोष्ट. ती त्याला कळली का, हे कुणी विचारलंच नाही.

घरी पाहायचं असेल तर वाचून झाल्यावर पुस्तक मिटायला सांगा आणि दोनच गोष्टी विचारा: काय झालं? आणि का झालं? दुसऱ्या प्रश्नाला तो अडखळला तर काम तिथे करायचं आहे.

त्यासाठी विज्ञानाचेच उतारे कशाला? गोष्टी वाचून आकलन वाढत नाही का?

वाढतं, आणि गोष्टी वाचणं अजिबात थांबवू नका. पण गोष्टीत मूल आपल्या अनुभवावरून पुष्कळसं भरून काढतं. आई रागावली म्हटलं की पुढे काय होणार ते त्याला न वाचताही ठाऊक असतं. विज्ञानाच्या उताऱ्यात तशी सोय नसते. तिथे तिसरं वाक्य दुसऱ्यावर उभं असतं आणि मधलं एक निसटलं की शेवट कळत नाही. म्हणजे मूल कुठे चुकलं ते आपल्याला नेमकं बोट ठेवून दाखवता येतं. सराव घेणाऱ्याला याहून मोठी मदत दुसरी नाही.

आणखी एक कारण आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. आकलन हे सुटं कौशल्य नाही. ज्या विषयाची थोडी माहिती आधीच आहे, त्याचा उतारा जास्त कळतो. १९८८ मध्ये अमेरिकेत डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. बेसबॉल चांगला माहीत असलेली पण वाचनात कच्ची मुलं, बेसबॉल माहीत नसलेल्या हुशार वाचकांपेक्षा पुढे गेली. आपल्याकडे फुटबॉलवर असंच करून पाहा, ताळगावचा किंवा कुडतरीचा एखादा ‘कच्चा’ मुलगा तुम्हाला थक्क करील. तेव्हा आज वाचलेला भरती-ओहोटीचा उतारा उद्याच्या मिठागराच्या उताऱ्यासाठी भांडवल होतो.

उतारा केवढा असावा?

तिसरी-चौथीला सात-आठ वाक्यं, सहावी-सातवीला त्याच्या दुप्पट. शब्द मोजत बसू नका. एका उताऱ्यात एकच कारण-परिणामाची साखळी असावी, ही अट मात्र सोडू नका. ‘कासव’ या विषयावर आहार, जाती, आयुष्य, संवर्धन असं सगळं कोंबलेला उतारा म्हणजे नुसती यादी. यादी पाठ होते, समजत नाही.

सराव नेमका कसा घ्यायचा? एखादा उतारा घेऊन दाखवाल का?

घेऊया. हा खाजन शेतीचा:

*खाजन शेतांची जमीन नदीच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. बांध नसता, तर दिवसातून दोनदा खारे पाणी शेतात शिरले असते. या बांधात एका ठिकाणी लाकडी दारे बसवलेली असतात. त्या जागेला मानस म्हणतात. भरती आली की नदीचे पाणी बाहेरून दारांवर दाब देते आणि दारे घट्ट मिटतात. ओहोटीला नदीची पातळी खाली जाते. आता आतल्या पाण्याचा दाब जास्त होतो. तो दारे बाहेर ढकलतो आणि शेतातले जादा पाणी नदीत निघून जाते. त्यासाठी तिथे कुणाला उभे राहावे लागत नाही. मात्र दारांच्या फटीत लाकूड किंवा प्लास्टिक अडकले, तर भरतीच्या वेळी ती पूर्ण मिटत नाहीत.*

आधी मुलाला एकदा मनातल्या मनात वाचू द्या. मग उतारा पालथा घालून, आठवेल तेवढं सांगू द्या किंवा लिहू द्या. पुन्हा वाचायला देण्याची घाई करू नका. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. त्यातले उतारेही विज्ञानाचेच होते, एक सूर्यावर आणि एक समुद्री पाणमांजरांवर. काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्क्यांना ७५. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं: दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना ५६. परीक्षेच्या आदल्या रात्री धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरच्यांनी हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

सांगून झालं की मग प्रश्न. खाजनाच्या उताऱ्यावर मी हे विचारीन:

मानस म्हणजे काय? (हे सरळ आहे, सुरुवात करून द्यायला.)

भरतीला दारं कोण मिटवतं? इथे पुष्कळ मुलं ‘शेतकरी’ म्हणतात. दार म्हटलं की ते माणूस मिटवतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं आणि ते उताऱ्यावर मात करतं. अशा वेळी ‘चूक’ म्हणून पुढे जाऊ नका. ‘कुठल्या वाक्यावरून म्हणतोस?’ एवढंच विचारा. वाक्य शोधायला गेलं की मूल स्वतःच थबकतं.

‘त्यासाठी कुणाला उभे राहावे लागत नाही’, यातलं ‘त्यासाठी’ म्हणजे कशासाठी? सर्वनामांचे असे प्रश्न फार कमी विचारले जातात. मूल उताऱ्यात हरवतं ते बरेचदा अशाच ‘तो’, ‘ती’, ‘त्यामुळे’वर.

फटीत प्लास्टिक अडकलं तर शेताचं काय होईल? उताऱ्यात परिणाम लिहिलेला नाही, पण दुसऱ्या वाक्यावरून काढता येतो.

धो-धो पाऊस पडतोय आणि त्याच वेळी भरती आहे. शेतातलं पाणी कधी बाहेर जाईल? हा माझा आवडता प्रश्न. ज्याला दाबाचं गणित खरोखर कळलं तोच सांगेल, की ओहोटी होईपर्यंत पाणी आतच साचणार.

आणि शेवटी, मानस पहिल्यांदा कुणी बांधली? याचं बरोबर उत्तर ‘उताऱ्यात दिलेलं नाही’. हे म्हणायचं धाडस मुलांना शिकवावं लागतं, कारण प्रश्न विचारला म्हणजे उत्तर कुठेतरी असणारच असं त्यांना वाटतं.

मुलगी उत्तर म्हणून उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवते. काय करू?

उत्तर लिहिताना उतारा समोर ठेवू नका. आणि एखादा प्रश्न असा घाला की त्याचं तयार वाक्य उताऱ्यात सापडूच नये. ‘हे तुझ्या धाकट्या भावाला कसं सांगशील?’ हा प्रश्न चांगला चालतो. भाऊ नसेल तर आजीला सांगू दे. आजीने पुढे दोन शंका काढल्या तर उत्तमच.

अवघड शब्द आधीच सांगून टाकायचे का?

उताऱ्याचा कणा ज्यावर उभा आहे ते एक-दोन शब्द आधी सांगा, बाकीचे संदर्भावरून ओळखू द्या. पारिभाषिक शब्द असेल तर आधी घटना, मग नाव. मिठागरात उन्हाने पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, हे आगरवाड्याच्या किंवा नेरूलच्या मुलाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. याला बाष्पीभवन म्हणतात, एवढं सांगितलं की पुरे. व्याख्या पाठ करून घेऊन मग उताऱ्याकडे गेलात तर मूल व्याख्याच म्हणत राहतं.

आमच्या घरी कोंकणी बोलतात. मराठी उताऱ्याचं उत्तर मूल कोंकणीत देतं. थांबवायचं का?

नाही. समजलं की नाही, ते आधी तपासायचंय. कोंकणीत ‘का’चं उत्तर नीट आलं तर उतारा कळला. मग तेच मराठीत लिहायला बसवा. दोन्ही एकदम मागितलं तर मूल भाषा सांभाळण्यात गुंततं आणि विचार अर्धवट सुटतो. गोव्यातली मुलं या दोन्ही भाषांत सहज ये-जा करतात, ते त्यांचं बळ आहे.

पाचवीपासून विज्ञान इंग्रजीतच शिकायचंय. मग मराठी उताऱ्यांत वेळ का घालवायचा?

मराठी शाळेतून चौथी पार केलेल्या मुलांच्या घरी हा प्रश्न असतोच, आणि तो रास्त आहे. एकदम सगळं इंग्रजीत येतं आणि परवापर्यंत वर्गात हात वर करणारी मुलगी गप्प होते. पालक घाबरतात आणि मराठी वाचन बंद करून टाकतात. माझं स्पष्ट मत आहे की नेमक्या या वर्षी ते बंद करू नये.

कारण उतारा समजून घेण्याची जी कामं आहेत (कारण शोधणं, क्रम लावणं, न लिहिलेलं ओळखणं, ‘इथे दिलेलं नाही’ म्हणणं), ती भाषेगणिक नव्याने शिकावी लागत नाहीत. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स १९७९ पासून हेच मांडत आले आहेत, की एका भाषेत कमावलेली विचारांची ताकद दुसऱ्या भाषेत कामी येते. ज्या मुलीला मराठीत कळलंय की मानशीचं दार दाबाने मिटतं, तिला इंग्रजी धड्यात दाबासाठीचा शब्द तेवढा नवा असतो. जिला मराठीतही कळलेलं नाही, तिच्यापुढे शब्द आणि कल्पना दोन्ही एकदम येऊन पडतात.

पाचवीच्या वर्षी असं करा: इंग्रजी धड्यात जो विषय येणार, त्याचा छोटा मराठी उतारा दोन-तीन दिवस आधी घ्या. त्यावर बोलून झालं की त्यातल्या पाच-सहा शब्दांना इंग्रजीत काय म्हणतात, ते वहीत समोरासमोर लिहून घ्या. मग धडा.

मोठ्याने वाचावं की मनात?

समजून घ्यायचं असेल तर मनात. मोठ्याने वाचताना लहान मुलाचं लक्ष उच्चारांवर जातं.

गोव्यातले कुठले विषय उताऱ्यांना चांगले?

इतके आहेत की निवडायची पंचाईत. काही आवडते इथे देते.

सागरी कासवांचा विषय पहिला. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं: वाळू जास्त उबदार असेल तर माद्या जास्त. आता मुलांना विचारा, हवामान तापत गेलं तर पन्नास वर्षांनी या कासवांचं काय होईल? उतारा पाच ओळींचा, चर्चा अर्ध्या तासाची.

काजू. बोंडू म्हणजे काजूचं खरं फळ नव्हे, तो फुगलेला देठ. खरं फळ म्हणजे खाली लटकणारी बी. मुलांना हे आधी पटत नाही आणि ती उताऱ्यातलं एकेक वाक्य तपासून पाहतात. आपल्याला दुसरं काय हवं? पोर्तुगीजांनी हे झाड ब्राझीलहून आणलं, हेही त्यात बसतं.

भिंडांचा, म्हणजे कोकमाचा, लाल रंग. सोलं भिजवलेल्या पाण्यात खायचा सोडा टाकला की लाल रंग जाऊन निळसर-हिरवट छटा येते, कारण त्यातलं रंगद्रव्य आम्लात एक रंग दाखवतं आणि अल्कलीत दुसरा. हा उतारा वाचण्याआधी वाटीत करून दाखवायचा की नंतर? मी नंतर म्हणेन. आधी वाचून अंदाज बांधू द्या, मग वाटी आणा.

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, खाणीवरही चांगला उतारा होतो. शतकानुशतकांच्या पावसाने खडकातला विरघळणारा भाग वाहून जातो, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहतात, म्हणून जांभा तांबडा.

मोठ्या मुलांसाठी अंटार्क्टिका. भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहूनच निघाली. डॉ. एस. झेड. कासिम तिचे नेते होते आणि ९ जानेवारी १९८२ ला ती मंडळी तिथे पोचली. आजही ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र वास्कोला हेडलँड सडा इथे आहे. ‘जानेवारीतच का गेले?’ या प्रश्नातून दक्षिण गोलार्धातला उन्हाळा आपोआप निघतो.

आकृत्या आणि तक्ते यांचाही सराव हवा का?

हवाच. विज्ञानात अर्धी माहिती तक्त्यात असते आणि मुलं नेमकी तीच गाळून पुढे जातात. भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता घ्या. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. आज सकाळी ९ ला भरती असेल तर उद्या सकाळी कितीला? ९ ला नाही, ९ वाजून ५० मिनिटांच्या आसपास. मासेमारी करणाऱ्या घरातल्या मुलाला हे तोंडपाठ असतं. त्यालाच वर्गाला समजावून सांगू द्या.

नवोदयच्या परीक्षेला याचा उपयोग होतो का?

होतो. सहावीच्या प्रवेश परीक्षेत भाषेच्या भागात चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न असतात. पर्याय दिलेले असतात, त्यामुळे तयारी थोडी वेगळी: मुलाने पर्याय झाकून आधी स्वतःचं उत्तर ठरवावं, मग जुळणारा पर्याय शोधावा. घड्याळ लावून सराव शेवटचे एक-दोन महिने पुरे. सुरुवातीपासून वेळ लावलात तर मूल शब्द हुडकायला शिकतं, वाचायला नाही.

उतारे आणायचे कुठून? मोबाइलवर तयार करून घेतलेले चालतील?

शाळेच्या पुस्तकातला परिच्छेद हा पहिला झरा. मराठी विश्वकोशातल्या नोंदी विश्वासार्ह आहेत, पण भाषा जड, तेव्हा त्यावरून सोप्या भाषेत स्वतः लिहून काढा. पणजीत पाटो इथलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. मिरामारचं विज्ञान केंद्र पाहून आलात तर तिथल्या एकेका प्रयोगावर मुलांनाच पाच ओळी लिहायला सांगा आणि एकाचा उतारा दुसऱ्याला सोडवायला द्या.

मोबाइलवर तयार होणारे उतारे दिसायला सफाईदार असतात, पण त्यातली माहिती तुम्ही स्वतः तपासल्याशिवाय मुलाच्या हाती देऊ नका. ‘काजूचे गोड, रसाळ फळ’ असं वाक्य त्यात सहज येऊन जातं. शिवाय अशा उताऱ्यांत बरेचदा नुसती माहिती असते, ‘का’ नसतो.

मी स्वतः विज्ञान शिकलेली नाही. माझ्याने हे होईल?

होईल, कारण तुम्हाला उत्तरं द्यायची नाहीत, विचारायची आहेत. ‘मला नाही कळलं, तू वाचून सांग’ हे आईने खरोखर मनापासून म्हटलं की मूल जबाबदारीने वाचतं. मुलगी सांगेल त्यात तुम्हाला काही खटकलं तर दोघी मिळून ते वाक्य पुन्हा वाचा. भात लावलेलं, मीठ काढलेलं किंवा मासळी वाळत घातलेली बाई स्वतःला वाटतं त्याहून कितीतरी जास्त विज्ञान जाणते.

आठवड्यातून किती?

दोन-तीन उतारे, नीट बोलून. रोज पाच उरकण्यात काही हशील नाही.

चौथीत गेला तरी मुलगा अक्षर अक्षर जुळवत वाचतो. त्यालाही हेच उतारे द्यावेत का?

आधी एक करून पाहा. उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि तेच प्रश्न तोंडी विचारा. ऐकून सगळं समजत असेल, ‘का’ची उत्तरंही येत असतील, तर त्याची बुद्धी आणि आकलन ठणठणीत आहे, अडचण अक्षरं वाचण्यात आहे. अशा मुलाला जास्त उतारे दिल्याने काही साधत नाही, उलट तो वाचनाला घाबरायला लागतो. त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या, शाळेतल्या बाईंशी बोला, आणि वाचनदोषाची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांकडे न्या. तोवर उतारे ऐकवणं चालू ठेवा. वाचन मागे आहे म्हणून मानशीची दारं आणि मोरजीची कासवं त्याच्यापर्यंत उशिरा पोचावीत, असं काही नाही.